दात लावून सांगतो

माझे लातूरचे घरमालक दोन प्रकारे बोलत. दात काढून आणि दात लावून.

दात म्हणजे कवळी. ती त्यांना नीट बसत होती, पण बोलताना वाजते म्हणून तिचा मुक्काम सदऱ्याच्या वरच्या खिशात, एका जुन्या पानाच्या डबीत असे. भाकरी ते वरणात कुस्करून खात, शेंगदाण्याचं कूट करून घेत, आणि दिवसभर जगाविषयी जे काही बोलायचं ते बोळक्या तोंडानंच बोलत. त्या बोलण्याला ते स्वतःही फार किंमत देत नसत. शेवटचा शब्द द्यायची वेळ आली की मात्र डबी निघे. मालक पाठ फिरवत, खांदे जरा हलत, आणि परत वळले की तोच चेहरा भरलेला, कडक, धान्याच्या मोंढ्यात सौदा पुकारणाऱ्या माणसाचा असे. "दात लावून सांगतो," ते म्हणत. मग जे सांगत ते कायमचं. बिनदातांचं बोलणं दुसऱ्या दिवशी फिरवलं तरी त्याचा त्यांना काही संकोच नसे.

त्या इमारतीत खाली माझं औषधांचं दुकान, मागच्या दोन खोल्यांत मी आणि माझी मुलगी, आणि वर मालक आणि त्यांची बायको. तिला सगळी गल्ली अक्का म्हणे. मुलीचे क्लास संपेपर्यंत लातूरला राहायचं, असं ठरवून मी तिथं गेले होते आणि ठरल्याप्रमाणे परत नांदेडला आले. जागा बघायला गेले त्या दिवशी मालकांनी मला काहीच विचारलं नाही. मी शटर दोनदा वर-खाली करून बघितलं, नळ सोडला, मोरीत बादलीभर पाणी ओतून ते किती वेळात जातं ते बघितलं, भिंतीला हात लावून ओल बघितली. मालक दाराशी उभे राहून हे सगळं बघत होते. मग त्यांनी वर तोंड करून अक्कांना सांगितलं, "घेणार ही बाई. दाणा चावला."

मला ते तेव्हा कळलं नाही. पुढं कळलं, कारण पुढं रोजच ऐकावं लागलं.

मालकांचा सगळा जन्म मोंढ्यात गेला होता. आधी वडिलांची अडत, मग डाळमिल. त्यांचं म्हणणं असं की सकाळी सौद्याला ढिगाभोवती माणसं जमतात त्यात तीनच जाती असतात. एक, जो दाणा उचलून दाताखाली धरतो. कट असा आवाज आला तर माल वाळलेला, नुसता दबला तर ओला. दाणा चावणारा माणूस घेतोच, आज नाही तर घासाघीस करून उद्या. दुसरा, जो ओंजळ भरतो, बोटांतून दाणे सोडतो आणि इकडंतिकडं बघतो. तो दुसरे काय करतात ते बघून ठरवतो. तिसरा, जो मूठभर नमुना कागदात बांधतो, पुडी खिशात टाकतो आणि म्हणतो, घरी दाखवून कळवतो.

"पुडीवाला कधी येत न्हाई," मालक म्हणायचे. "त्याला माल नको असतो बाई. त्याला न्हाई म्हणायला जीभ उचलत न्हाई."

औषधांच्या बाबतीतही ते ह्याच पद्धतीनं वागत. रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट दिलं की एक गोळी काढून, कवळी लावून, काउंटरपाशीच चावून बघायचे. ही तूर नाही, ही अख्खी गिळायची असते, असं मी त्यांना किती वेळा सांगितलं. ते म्हणायचे, गिळेन की, आधी ओल तर बघू दे. पावसाळ्यात एकदा त्यांनी गोळीला ओल असल्याचा निकाल दिला. नव्हती. मी त्यांना तसं सांगितलं आणि तीच गोळी घ्यायला लावली.

दुकानाबाहेर त्यांचं बाकडं होतं. मी त्याला परवानगी दिली होती, काउंटरसमोर गर्दी करायची नाही एवढ्या अटीवर. खरं तर इमारत त्यांची होती, पण अट त्यांनी पाळली. संध्याकाळी त्या बाकड्यावर मालकांच्या शेजारी राज्यशास्त्राचे निवृत्त सर येऊन बसत. सर मूळचे उमरीचे, बौद्ध घरातले, घरात पुस्तकांना भांड्यांपेक्षा जास्त जागा. बोलणं हळू आणि मुद्द्याला धरून. त्यांना मालकांशी वाद घातल्याशिवाय जेवण जात नसावं, कारण ते पावसातही छत्री घेऊन येत.

मालक पेपरात दोनच गोष्टी वाचत. धान्याचे भाव आणि परदेशच्या बातम्या. स्थानिक राजकारणाचं पान उघडतसुद्धा नसत. घरचं भांडण वाचायला पेपर कशाला विकत घ्यायचा, असं ते म्हणत. त्यामुळं त्या हिवाळ्यात जेव्हा एक नवं आंतरराष्ट्रीय शांतता मंडळ निघालं आणि देशोदेशी आमंत्रणं गेली, तेव्हा आमच्या बाकड्यावर मोंढाच भरला. कोण देश ह्या मंडळात जाणार, कोण नाही जाणार, रोज एकेकाचा निकाल लागू लागला. हरणाऱ्यानं दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सुशीला खायला घालायचा. सुशीला कोपऱ्यावरच्या गाड्यावर मिळे. मुरमुऱ्यांचा, भरपूर कांदा आणि वर डाळवं. मालक त्यातलं डाळवं वेचून सरांच्या कागदात टाकत.

मालकांना देशांची नावं लक्षात ठेवायचा कंटाळा होता. ते देशाला मालावरून ओळखत. तेलवाले, लोणीवाले, खजूरवाले, कॉफीवाले, बेटवाले. सर त्यांना खरं नाव सांगत, मालक मान हलवत, आणि पुन्हा लोणीवाले म्हणत. थोड्या दिवसांनी सरही लोणीवाले म्हणायला लागले.

सरांची पद्धत वेगळी होती. त्यांच्या फोनवर कुठलीशी साइट होती, तिथं जगभरची माणसं अंदाज लावत आणि त्यावरून प्रत्येक देशापुढं आकडा येई. शंभरात चाळीस, शंभरात सत्तर. सर तो आकडा वाचून दाखवत, मग आपल्या अभ्यासानं त्यात थोडं कमीजास्त करत.

"शंभरात चाळीस म्हणजे काय हो सर?" मालकांनी पहिल्याच दिवशी विचारलं. "जाणार का न्हाई जाणार?"

"म्हणजे जाण्यापेक्षा न जाण्याची शक्यता जास्त. पण जाऊही शकतात."

"हे तर मलाबी ठाऊक हाय. पोरगी बघून गेलेल्या पाव्हण्यांनी शंभरात चाळीस कळवलं, तर मांडव घालायचा का न्हाई घालायचा?"

सर हसले. ते हसत तेव्हा मुद्दा सोडत नसत, फक्त बाजूला ठेवत. ते म्हणाले, मांडव घालू नका, पण बांबू आणून ठेवा.

लोणीवाल्यांनी जाहीर केलं की आम्ही मंडळाच्या मसुद्याचा अभ्यास करून कळवू. बातमी वाचून मालकांनी लगेच डबी काढली. "दात लावून सांगतो. पुडी खिशात गेली." सरांचा आकडा तेव्हा निम्म्याच्या वर होता. लोणीवाल्यांचा अभ्यास मग चालूच राहिला आणि सरांनी सुशीला दिला. बेटवाले जाणार, हेही मालकांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. त्यांचं कारण असं की छोट्या खरेदीदाराला मोठ्यांच्या रांगेत उभं राहायला मिळणं हाच निम्मा नफा असतो. बेटवाले गेले. तेलवाल्यांबद्दल त्यांनी सांगितलं, हे ओंजळवाले, शेजारी काय करतो बघतील. तसंच झालं.

पण मालक सर्वज्ञ होते असं मी म्हणणार नाही, कारण नव्हते. कॉफीवाल्यांच्या मंत्र्यानं हसत हात मिळवला, फोटो छापून आला. दाणा चावला, असं मालकांनी दात लावून सांगितलं. सर शांतपणे म्हणाले, नाही जाणार, ह्यांच्या संसदेत हे पास होणार नाही. आणि खरंच झालं नाही. दात लावून दिलेला शब्द पहिल्यांदाच पडला होता. मालकांनी सुशीला दिला, पण स्वतः खाल्ला नाही.

"मंत्र्यानं चावला हो सर," ते म्हणाले. "पण घरच्यांना विचारायचं ऱ्हायलं त्याचं."

"तेच मी म्हणत होतो. देशाला संसद असते."

"आन् माणसाला काय असतं?" मालकांनी वर अक्कांच्या खिडकीकडं बघितलं. अक्का तिथं तांदूळ निवडत होत्या. त्यांना खालचं सगळं ऐकू यायचं.

मालकांचा दुसरा एक सिद्धांत होता आणि तो ते अधिक गंभीरपणे मांडत. जाणार की नाही हे मसुद्यावर ठरत नाही, बोलावणं कुणाच्या हातानं आलं त्यावर ठरतं. ह्या मंडळाची आमंत्रणं म्हणे सगळ्यांना एकाच नमुन्याची, एकाच दिवशी गेली. मालकांनी कपाळावर हात मारला. असं कुणी बोलावतं का? घरी जावं, उंबऱ्याच्या आत बसावं, पाणी प्यावं, आधी तब्येत विचारावी, मग अक्षता द्याव्यात. पत्रिका नुसती पाठवून दिली तर भावकी कशी येईल?

सरांनी विचारलं, म्हणजे देश म्हणजे तुमची भावकी?

"भावकीच. निस्ती बंदुकवाली."

आपला देश जाणार का, हे मात्र त्यांनी कधीच सांगितलं नाही. सरांनी खूप डिवचलं. एकदा तर सर म्हणाले, "शांतता मला घरातूनच मिळालेली आहे मालक, तुमच्याकडं ती अजून यायचीय, म्हणून तुम्हाला भाकीत जमत नाही." मालकांना राग आला नाही. ते म्हणाले, घरच्या मालाचा भाव आपण पुकारू नये, तोंड आपलं असलं तरी.

सरांच्या बोलण्यात टोमणा होता आणि तो कुठं लागला हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. मालकांना एक धाकटा भाऊ होता. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

वडील गेल्यावर डाळमिल वाटली गेली. धाकट्याकडं यंत्रं आणि शेड आली, मालकांकडं वाळवणाचं पटांगण आणि त्याचं फाटक. तुरीला तेल-पाणी लावून उन्हात वाळवावी लागते, तेव्हाच टरफल सुटतं. म्हणजे एकाकडं मिल आणि दुसऱ्याकडं ऊन. पटांगण दोघांनी मिळून वापरायचं असं ठरलं होतं आणि काही वर्षं चाललंही. मग धाकट्याच्या मुलीचं लग्न निघालं, आणि सख्ख्या थोरल्या भावाच्या घरी पत्रिका आली ती मिलच्या ड्रायव्हरच्या हातानं. घाई होती, धाकटा स्वतः येणारच होता, राहून गेलं, असं पुढं सगळ्यांनी समजावलं. मालक लग्नाला गेले नाहीत. फाटकाला कुलूप लागलं. आणि मालकांनी दात लावून सांगितलं की त्याच्या बांधापलीकडं माझा पाय पडणार नाही आणि त्याचा पाय ह्या बाजूला पडू देणार नाही.

बांध म्हणजे खराच बांध. निलंगा रोडला वडिलांचं शेत होतं, त्याच्या मधोमध वाटणीचा बांध. मिल तिकडं बंद पडत चालली, पटांगणात गवत वाढलं. मालकांना त्या पटांगणाचा काही उपयोग नव्हता. किल्ली अक्कांच्या कमरेला असे.

धाकटे मालक माझ्याच दुकानातून औषध नेत. दुपारी, थोरले झोपलेले असताना. दोघांनाही रक्तदाब, दोघांनाही एकच गोळी. मी कुणाचं कुणाला सांगत नसे. दुकान चालवायचं तर तेवढं कळावं लागतं.

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, जवळ आली तेव्हा धाकटे मालक एका दुपारी आले आणि गोळ्या घेऊनही काउंटरपाशी उभे राहिले. मग सांगितलं. वाळवणाला भाड्याची जागा आता परवडत नव्हती आणि मिळतही नव्हती. प्लॉटवाले रोज फोन करत होते. नवी तूर यायला लागली होती. येळवशीपर्यंत काही झालं नाही तर मिल प्लॉटवाल्यांना देऊन टाकायची, यंत्रं भंगारात, असं त्यांनी ठरवलं होतं. बापानं उभी केलेली मिल, असं काही ते म्हणाले नाहीत. फक्त म्हणाले, यंत्र जुनं आहे पण आवाज अजून एकसारखा येतो. मग खिशातून एक कागद काढला. वकिलाकडून टाइप करून आणलेला समझोत्याचा मसुदा. पटांगण दोघांचं, मिल दोघांची, पाटीवर दोघांची नावं.

"ताई, तुमच्या हातानं अण्णाला एवढं द्या," ते म्हणाले. "तुमचं ऐकतात ते."

माझं कुणी ऐकत नव्हतं, पण मी कागद ठेवून घेतला आणि संध्याकाळी बाकड्यावर मालकांच्या हातात दिला. सर होतेच. मालकांनी चष्मा लावला, कागद सावकाश, ओळीवर बोट फिरवत वाचला. एक घडी घातली, दुसरी घातली, आणि खिशात ठेवला. त्याच खिशात, दातांच्या डबीमागं.

"वाचून कळवतो म्हणावं," ते म्हणाले.

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी काउंटरच्या आतून म्हणाले, "मालक, पुडी खिशात गेली."

त्यांनी ऐकलं. उठले, जिना चढून वर गेले, आणि पुढचे काही दिवस बाकडं रिकामंच राहिलं. परदेशच्या बातम्या येत होत्या, कोणी सामील होत होतं, कोणी नाही, पण निकाल द्यायला कुणी नव्हतं. सर येऊन एकटेच बसत आणि फोन बघत.

त्यांनी मला विचारलं, तुमचा अंदाज काय? मी म्हटलं, ह्या कागदानं काही होणार नाही, पण कागदाचा दोष नाही. सर म्हणाले, माझा आकडा शंभरात तीस. मी म्हटलं, सर, बांबू आणून ठेवा.

कारण मला एक गोष्ट दिसली होती आणि ती मी पुढच्या दुपारी धाकट्या मालकांना तोंडावर सांगितली. पहिल्या वेळी पत्रिका ड्रायव्हरच्या हातानं पाठवली, आता समझोता औषधवालीच्या हातानं. माणूस बदलला, चूक तीच. त्यांचा चेहरा पडला. एवढ्या वर्षांच्या धंद्यात हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं, हे मला खरं वाटलं नाही. पण घरातल्या बोलावण्यातली चूक घोरण्यासारखी असते, आपली आपल्याला ऐकू येत नाही.

"मी गेलो आन् त्यांनी हाकललं तर?" त्यांनी विचारलं.

"तर मिल विका," मी म्हटलं. "आता तरी काय करणार आहात?"

मी त्यांना गोळ्यांचं पाकीट दिलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळले.

येळवस आली. ज्यांनी लातूरची येळवस बघितलेली नाही त्यांना सांगते, त्या अमावस्येला अख्खं शहर शेतात जातं. दुकानं बंद, रस्ते मोकळे. ज्याला शेत नाही त्याला कुणीतरी बोलावतंच, आणि नाही बोलावलं तरी कुणाच्याही शेतात शिरा, ताट वाढतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी करतात, आत पूजा मांडतात, आणि मग भाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आणि मडक्यातलं गार आंबील. अक्कांनी मला, माझ्या मुलीला आणि सरांना बोलावलं होतं. खाली येऊन, कुंकू लावून. सरांना कुंकू नाही, पण त्यांच्या घरी जाऊन, पाणी पिऊन.

शेतात दोन कोपी होत्या. बांधाच्या अलीकडं मालकांची, पलीकडं धाकट्यांची, दोन्हींची तोंडं विरुद्ध दिशेला. पलीकडून बायकांचं बोलणं, भांड्यांचा आवाज, भज्जीला दिलेल्या फोडणीचा वास इकडं येत होता. एकाच बापाचं शेत, एकच दिवस, एकाच चवीची भज्जी, आणि कुणी मान वळवून बघत नव्हतं. पलीकडं शेताच्या कडेला नव्या तुरीचा ढीग होता. नुकताच मळलेला, मोठा, उघड्यावर.

मालक बिनदातांचेच आले होते. त्यांनी नुसतं आंबील घेतलं. सरांनी विषय काढायचा म्हणून मंडळात नव्यानं गेलेल्या एका देशाचं नाव घेतलं, तर मालकांनी ते कशाचे व्यापारी हेही विचारलं नाही. त्यांचं लक्ष ढिगाकडं होतं. मधेच अक्कांना म्हणाले, उघडी टाकलीय, दव पडतंय रात्री.  अक्कांनी आणखी आंबील वाढलं.

जेवणं उरकत आली तेव्हा पलीकडच्या कोपीतून धाकटे मालक बाहेर आले. ढिगापाशी वाकले. मूठ भरून बांधाकडं चालत आले.  ते बांधाच्या अगदी कडेला, पलीकडच्या बाजूला थांबले. पाय बांधावर ठेवला नाही. मुठीचा हात पुढं करून उघडला.

"अण्णा," ते म्हणाले, "ओल किती हाय जरा बघून सांगतो का?"

ना माफी, ना मसुदा, ना मिलचं नाव. मोंढ्यात एक व्यापारी दुसऱ्याला विचारतो तसं. फक्त दोन-तीन दाणे बोटांतून खाली पडले.

मालक बसूनच राहिले.  मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि बांधापर्यंत गेले. भावाच्या तळव्यातून एक चिमूट दाणे घेतले, उन्हात धरले, वास घेतला. आणि दुसरा हात खिशाकडं गेला.

माझ्या शेजारी सरांनी मान खाली घातली. मलाही वाटलं की आता दाणे खिशात जाणार, कागदाशेजारी, आणि ते म्हणणार की घरी बघून कळवतो. धाकट्या मालकांनाही तेच वाटलं असणार, ते त्याच मोंढ्यात वाढलेले. त्यांनी हात मागं घ्यायला सुरुवात केली होती.

मालकांनी खिशातून डबी काढली. पाठ फिरवायची ती आमच्याकडं फिरवली, भावाकडं नाही. कवळी लावली. एक दाणा दाढेखाली धरला आणि चावला. कट असा आवाज आला नाही. दाणा नुसता दबला.

"चार दिवसांचं ऊन पायजे," ते म्हणाले.

"ऊन हाय अण्णा. जागा न्हाई."

मालकांनी चावलेला दाणा थुंकला नाही, गिळला. मग मागं न बघता म्हणाले, "किल्ली अक्काकडं हाय."

अक्का उठून बांधाकडं निघाल्याच होत्या. चालता चालता कमरेची किल्ली सोडत होत्या, आणि ती इतक्या सहज सुटली की सकाळीच गाठ सैल करून ठेवली असावी, अशी माझी खात्री आहे. त्यांना विचारलं तर मात्र त्या सांगणार नाहीत.

परतीच्या वाटेवर सरांचा आणि माझा वाद झाला. मी म्हटलं, सुशीला तुमच्याकडं लागला. सर म्हणाले, कसा? मसुद्यावर सही नाही, पाय बांधापलीकडं पडला नाही, धाकट्यांचाही अलीकडं पडला नाही. दात लावून दिलेला शब्द अक्षरशः पाळला गेलाय. मंडळात ते सामील झालेले नाहीत. फार तर निरीक्षक म्हणून गेले असं म्हणता येईल. मी म्हटलं, निरीक्षक किल्ली देत नसतो. सर विचारात पडले आणि त्यांनी सुशीला दिला, पण आपण हरलो असं मान्य केलं नाही.

पटांगणातलं गवत दोन दिवसांत निघालं. मी लातूर सोडलं तेव्हा तिथं तुरीचा तांबूस पट्टा फाटकापासून भिंतीपर्यंत पसरलेला होता आणि मालक सकाळी काठी घेऊन त्यावरून कबुतरं हाकलायला जायचे. धाकटे मालक गोळ्या न्यायला संध्याकाळी यायला लागले आणि बाकड्यावर टेकायला लागले. दोघं भाऊ फार बोलत नसत. पण लोणीवाल्यांचा अभ्यास अजून चालू आहे का, हे धाकट्यांनी विचारलं की मालक तपशीलवार सांगत.

सामान टेम्पोत चढवून झाल्यावर मी निरोप घ्यायला बाकड्यापाशी गेले. मसुद्याचा कागद अजून त्यांच्या खिशातच होता, घडीच्या कडा झिजलेल्या दिसत होत्या. मला कामं अर्धवट ठेवलेली आवडत नाहीत, म्हणून सरळ विचारलं की सही कधी करणार.

"सही कशाला?" मालक म्हणाले. "मी कुठं सामील झालो? वाळवायला जागा दिली निस्ती."

"हे दात लावून सांगता का?"

त्यांनी खिशावर हात ठेवला. डबी आत होती, कागदाच्या पुढं, तिचा आकार कापडातून स्वच्छ दिसत होता. सर आणि धाकटे मालक, दोघंही वाट बघत होते.

"दात धुवायला दिलेत," मालक म्हणाले.